आज पाणी कुणाचं

माझ्या वाढण्याच्या गोष्टीत हे प्रकरण कशाला, असं वैजूनं विचारलं. वैजू माझी मुलगी. म्हणाली, बाबा, तेव्हा तुमच्या मिशा पिकायला लागल्या होत्या, कॉलेजात मी होते, वाढत होते मी. मी म्हणालो, लिहिणारा मी आहे, तर कधी वाढलो ते मी ठरवीन. तिनं लिहून घेते म्हणून वही पुढे ओढली, तीही मी परत घेतली. चौथीपर्यंत शाळा झाली आहे माझी. अक्षर वाकडं आहे, पण आहे माझं, आणि या प्रकरणात तर ते दुसऱ्याच्या हातानं लिहिलेलं मला चालणार नाही. का, ते पुढे कळेल.

उमेळ्याला आमची वाडी होती. केळी, पानवेली, कडेला सोनचाफ्याची आठ झाडं, आणि वाडीच्या खालच्या अंगाला बावखल. आता वसईत राहायला आलेल्यांना बावखल सांगावं लागतं, म्हणून सांगतो. विहिरीपेक्षा रुंद, तळ्यापेक्षा लहान, पावसाचं पाणी धरून ठेवणारा खोल खड्डा. त्याच्या काठावर रहाट. रेडा गोल फिरायचा, मडक्यांची माळ खाली जायची, भरून वर यायची, पन्हळीत ओतायची आणि पाणी पाटानं वाडीत पळायचं. त्या रहाटाचा आवाज मी अजून तोंडानं काढून दाखवू शकतो, पण आता दाखवणार कोणाला. आमचे वडील, म्हणजे आबा, तीन भावांतले मधले. बावखल तिघांचं. लहानपणी मला आबांनी झोपेतून उठवलं की मी डोळे चोळत एकच विचारायचो, आज पाणी कुणाचं. आपलं असलं तर शाळा बुडायची आणि मी पाटाच्या तोंडाशी उभा राहायचो. पाणी एका आळ्यात भरलं की मातीचा बांध फोडून पुढच्या आळ्यात वळवायचं. हात मातीचे, पाय गार, आणि आबा रहाटावरून ओरडणार, "वळव रे, केळी तापल्या."

मग वीज आली, पंप आले. बटण दाबलं की पाणी. कुणाचंही, कधीही. मी तेव्हा अकरा वर्षांचा असेन. मला पंपाचं असं वेड लागलं की शाळेचं नावही काढलं नाही पुन्हा. पंप खोलायचा, गुंडाळी बघायची, बेअरिंग बदलायचं, हे मी बघून बघून शिकलो. पुढे उमेळ्यापासून भुईगावपर्यंत कुणाच्याही वाडीतला पंप बंद पडला की माझी सायकल तिकडे निघायची. लोक म्हणायचे याचा हात लागला की पंप बोलतो. मी ते खोटं म्हणत नसे. आजही म्हणत नाही. रहाट मोडून त्याची लाकडं चुलीत गेली तेव्हा आबा दोन दिवस जेवले नव्हते. मी हसलो होतो.

ज्या वर्षांची ही गोष्ट आहे तेव्हा वाड्या जाऊन इमारती येत होत्या आणि मला इमारतींच्या टाक्यांचे पंप दुरुस्त करावे लागत होते. चुलतभावांनी वाडी विकायचं ठरवलं. मी म्हणालो वरचा तुकडा द्या, खालचा राहू दे. सगळे हो म्हणाले. आबांनी आमचा हिस्सा आधीच माझ्या नावावर केला होता. कागद आला. लांबलचक, बारीक अक्षरांचा. चुलतभाऊ झरझर वाचून सह्या करत होते, आणि मी एकेक अक्षर बोटानं लावत बसलो तर पान उलटायलाच अर्धा तास लागला असता. सगळ्यांसमोर. म्हणून मी वाचल्यासारखं केलं आणि सही ठोकली. बावखल त्या कागदात होतं. ते मला डंपर येऊन डेब्रिज ओतायला लागला तेव्हा कळलं. घराभोवती चार केळी आणि एक चाफा उरला. आबांना मी सांगितलं नाही. त्या दिवसापासून मात्र एकही कागद वाचल्याशिवाय मी सही केलेली नाही. रेशनकार्डाचा अर्ज असो नाहीतर लग्नाची पत्रिका असो, मी बोट ठेवून वाचतो, समोरच्याला थांबावं लागतं.

याच सुमारास वैजू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली. मुख्य विषय समाजशास्त्र, आणि जोडीला एक लहान विषय घ्यायचा होता. तिनं घेतला जेरॉन्टॉलॉजी. भाकरी मोडता मोडता मी म्हणालो, हे काय असतं. बोंबलाचं कालवण होतं त्या दिवशी, मला आठवतंय, कारण पुढे जे बोलणं झालं त्यात ते गार झालं.

"म्हातारपणाचं शास्त्र," वैजू म्हणाली.

"ते न शिकताच येतं."

"येतं, पण कसं येतं ते बघायचं. याला चार विभागांच्या मॅडम आहेत. एक शरीराचं शिकवतात, एक मनाचं, एक कायद्याचं, एक घराचं आणि खाण्यापिण्याचं."

"एका म्हाताऱ्याला चार मास्तरणी," मी म्हणालो. "बिचारा लवकर मरेल."

सुमन, माझी बायको, हसली. आबा हसले नाहीत. ते ताटातल्या भाताचे बोटानं चौकोन करत होते, एकाला एक लागून, मध्ये रेघा. हे त्यांचं काही महिन्यांपासून चाललं होतं. नावं विसरायचे. सुमनला कधी वहिनी म्हणायचे, कधी माझ्या आईच्या नावानं हाक मारायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मेंदू वाळत चाललाय, यावर औषध नाही, लक्ष ठेवा. आता लक्ष कोण ठेवणार. सुमन दुपारी एका गाळ्यात पॅकिंगला जायची, मी सायकलवर, वैजूचं कॉलेज सकाळचं असलं तरी घरी पोचायला तिला दोन वाजायचे.

एका दुपारी मी बावखलाशेजारच्या इमारतीच्या टाकीवर होतो तर खालून वॉचमन हाका मारू लागला. "काका, वो बूढ़े बाबा आपके हैं क्या?" खाली बघितलं. आबा बावखलात होते. बावखल म्हणजे काय उरलं होतं, अर्ध्यात विटांचे तुकडे आणि अर्ध्यात काळा चिखल. छातीपर्यंत रुतले होते. ओरडत नव्हते. हातानं चिखल बाजूला सारत होते, जणू काही शोधताहेत. मी आणि वॉचमननं त्यांना ओढून काढलं तेव्हा इमारतीच्या प्रत्येक गॅलरीत माणसं उभी होती. वरून कुणी बाई म्हणाली, घरच्यांनी सोडलंय वाटतं. ते मला चिखलापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी आबांना बांधू लागलो. हे असं सरळ लिहायला मला एवढी वर्षं लागली. सुमनचं जुनं सुती लुगडं फाडून त्याच्या पट्ट्या केल्या, मऊ, वळ उठू नयेत म्हणून. दुपारी बारा वाजता जेवण झालं की आबांना खाटेवर बसवायचं, दोन्ही मनगटं पुढे घेऊन पट्टी गुंडाळायची, आणि टोक खाटेच्या दांडीला. पाच वाजता मी आलो की सोडायचं. वैजूला बजावलं होतं, मी येईपर्यंत सोडायचं नाहीस, तुझ्यानं ते आवरणार नाहीत. पहिले दिवस आबांनी झटापट केली. माझ्या दंडाला चावले. ज्या माणसानं मला खांद्यावर घेऊन पाचूबंदरला बोटी दाखवल्या, त्याच्या छातीवर गुडघा ठेवून मी गाठ मारली. मग सायकल काढून दुसऱ्यांचे पंप सुरू करायला गेलो.

घराचा आवाजच बदलला. दुपारभर खाट करकरायची. कधी करकरायची नाही, तेव्हा आम्हाला वाटायचं आज बरं आहे, गोळी लागू पडली. दुसऱ्या दिवशीही गप्प असले की सुमन देवापुढे साखर ठेवायची. मग तिसऱ्या दिवशी पुन्हा खाट उचलून आपटल्यासारखी वाजायची आणि पट्टी दातांनी कुरतडलेली सापडायची. जेवण कमी होत गेलं. पेज दिली तर तोंडात धरून ठेवायचे. सुमन केळफुलाची भाजी करायची, उन्हात वाळवलेली सुकेळी बारीक करून भरवायची, आबांना ती फार आवडायची, तीही गालात तशीच राहायची. मी आलो की म्हणायचो, गिळा. हुकूम सोडल्यासारखं. दुसरं काय करायचं ते मला येत नव्हतं, आणि येत नाही म्हणणं मला कधीच आलं नाही.

वैजूला कॉलेजात एक वही भरायची होती. घरातल्या किंवा शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाची, सहा आठवड्यांची. रोज किती खाल्लं, कधी झोप, कधी चाल, कधी बेचैनी, तासातासाचे चौकोन आखलेले. मराठीत लिहिली तरी चालणार होती. ती दोन वाजता यायची, आबांच्या खाटेशेजारी पाट टाकून बसायची आणि लिहायची. मला वाटायचं अभ्यास करते आहे. सहा आठवडे झाले आणि तिनं वही माझ्यापुढे धरली. शेवटच्या पानावर घरात काळजी घेणाऱ्याची सही लागणार होती. सोमवारी वही द्यायची होती.

"इथे फक्त सही," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता.

मी चष्मा लावला आणि बोट ठेवलं. सुमन ओट्याशी तांदूळ निवडत होती, तिचं निवडणं थांबलं. मी पहिल्या पानापासून लागलो. वृद्धाचे वय, पूर्वीचा व्यवसाय, कुटुंबातील माणसे. दुसरं पान. तिसऱ्या पानावर मधोमध एक ओळ होती. मी ती मोठ्यानं वाचत गेलो, कारण मनात वाचणं मला नीट जमत नाही. "वृद्धास दररोज दुपारी बांधून ठेवले जाते. बांधणारा, मुलगा. निरीक्षक स्वतः घरात असूनही तिने सोडले नाही."

निरीक्षक म्हणजे वैजू. ते मला दोनदा वाचल्यावर कळलं.

"हे फाड," मी म्हणालो.

"नाही फाडणार."

"चार बायका बसून हे वाचणार? माझ्या घरातलं?"

"वाचणार. मला परीक्षेत विचारणारही."

"बापाची धिंड काढायला शिकवतात का तुला तिकडे?"

"मी माझंही लिहिलंय, बाबा. खोटं असेल तर सांगा, आत्ता खोडते."

मी सही केली नाही. म्हणालो, ती ओळ काढ, नाहीतर ते कॉलेज बंद. वैजू रडली नाही, माझ्यासारखीच आहे. उठून आबांच्या खाटेजवळ जाऊन बसली. सुमन तांदळाकडे बघत म्हणाली, "अहो, ती खोटं लिहिते असं तुम्हीसुद्धा म्हणाला नाहीत."

तिसऱ्या दिवशी रविवार होता. दोघी जणी कुणाच्या तरी हळदीला गेल्या. बारा वाजता मी आबांना बांधलं आणि वही घेऊन त्यांच्याशेजारी बसलो. खरं सांगतो, चूक शोधायला बसलो होतो. एखादी तारीख चुकलेली, एखादा खाडाखोड केलेला चौकोन, म्हणजे मला म्हणता आलं असतं, बघ, ही तुझी विद्या. पान उलटत गेलो. बेचैनीचा रकाना होता, त्यात ज्या दिवशी आबा झगडले त्या दिवशी काळा ठिपका. एक ठिपका, मग दोन दिवस कोरे. पुन्हा ठिपका, दोन कोरे. मी मागे गेलो, पुढे आलो. बोटानं मोजलं. सहा आठवडे, एकदाही चुकलेलं नाही. ठिपका दुपारच्या जेवणानंतर सुरू व्हायचा आणि दिवस मावळताना संपायचा. खाली वैजूनं लिहिलं होतं, "दर तिसऱ्या दिवशी अस्वस्थता. कारण समजले नाही. मॅडमनाही समजले नाही."

बाजूला खाट करकरत होती. आबा मनगटं ओढत होते, जोरात नाही, आता तेवढा जोर राहिला नव्हता. मी त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि विचारलं, "आबा, आज पाणी कुणाचं?"

ओढणं थांबलं. कित्येक महिन्यांत त्यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

"आपलं," ते म्हणाले. "काल थोरल्याचं झालं. उद्या धाकट्याचं पानी. ऊन उतरायच्या आत वळवायला पायजे. केळी तापल्या."

तीन भाऊ, तीन दिवस. थोरल्याचं, आपलं, धाकट्याचं. दुपारी रेडा जुंपायचा आणि दिवस मावळताना सोडायचा. नावं गेली, माणसं गेली, बायको मेल्याची आठवणही गेली, पण पाण्याची पाळी आबांच्या अंगात तशीच फिरत होती. कुणाला कळणार होतं ते. वैजूनं रहाट बघितलेला नाही. सुमन लग्न होऊन आली तेव्हा पंप होते. त्या चार मॅडमपैकी एकीनंही पाटावर पाय दिला नसेल. कळायला पाहिजे होतं एकट्या मला, ज्यानं डोळे चोळत हा प्रश्न शंभरदा विचारला होता. आणि मी त्यांच्या पाण्याच्या दिवशी त्यांना बांधत होतो, आणि ज्या दिवशी ते नुसते बसून राहिले असते त्या दिवशीही बांधत होतो.

मी गाठी सोडल्या. म्हणालो, चला आबा. त्यांनी पाय खाली टाकले आणि उभे राहताना सरळ माझ्या अंगावर कोसळले. पोटऱ्या नव्हत्याच. सहा आठवड्यांपूर्वी हा माणूस एकटा बावखलापर्यंत चालत गेला होता. मी त्यांना परत खाटेवर घेतलं आणि बाहेर जाऊन चाफ्याखाली बसलो. चाफ्याला टेकून मी रडलो हे सुमनला अजून माहीत नाही. आता होईल.

पुढचे दोन दिवस मी कामावर गेलो नाही. घराच्या मागच्या चार केळींना आळी केली, त्यांच्यामध्ये पाट खणला, अंगणातल्या बोअरच्या पंपाला पाइप जोडून त्याचं तोंड पाटात सोडलं. वैजू कॉलेजातून आली आणि बघत उभी राहिली. तिला मी सांगितलं पाळीचं. मग तिनं विचारलं, "बाबा, हे वहीत लिहू?" मी म्हणालो, तू नको, मी लिहितो. रकान्याच्या खाली, तिच्या मोत्यासारख्या अक्षराच्या शेजारी, मी माझ्या हातानं लिहिलं, तिघा भावांच्या पाण्याची पाळी, ठिपका त्या दिवशी आबांचं पाणी. वही द्यायचा सोमवार उलटून गेला होता. तिनं मॅडमकडून गुरुवारपर्यंतची मुदत मागून घेतली होती. सही मात्र मी अजून केली नव्हती. ती ओळ तशीच होती आणि माझ्या घशाखाली उतरत नव्हती.

तिसरा दिवस आला. बुधवार. वैजूनं कॉलेज बुडवलं होतं. जेवण झालं, बारा वाजले. मी पाटाचं तोंड साफ केलं, फावडं घेतलं, आणि मातीच्या हातानं आबांना आणायला आत गेलो. मनात ठरवलं होतं, उचलून नेईन, केळीखाली बसवीन, फावडं हातात देईन, पाणी आलं की बांध ते फोडतील. मला, खरं तर, एवढा आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. दारात उभा राहून म्हणालो, आबा.

आबांनी मला बघितलं. घड्याळ नसेल कळत त्यांना, पण मी बाराला येतो हे कळत होतं. त्यांनी आपणहून दोन्ही मनगटं जुळवली आणि माझ्यापुढे धरली. झगडा नाही, राग नाही. लहान मूल हात धुवायला पुढे करतं तशी.

फावडं माझ्या हातातून पडलं. त्या आवाजानं सुमन आणि वैजू धावत आल्या. मी आबांची मनगटं माझ्या हातांत धरली आणि धरूनच ठेवली, आणि मला काही केल्या त्यांना सांगता येईना की आज बांधायला आलो नाही. वैजूनं वाकून त्यांच्या कानात सांगितलं, "आबा, आज पाणी आपलं." तेव्हा कुठे ते हात सुटे झाले.

आम्ही तिघांनी त्यांना उचलून केळीखाली नेलं. पाणी सोडलं. आबांना फावडं पेललं नाही, त्यांनी बोटांनी बांध फोडला. पाणी पुढच्या आळ्यात गेलं. "बावखलात पानी किती?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काठोकाठ. संध्याकाळी त्यांनी वाटीभर पेज गिळली. त्याच संध्याकाळी मी वहीवर सही केली, त्या ओळीसकट. परीक्षेला आलेल्या बाईंनी म्हणे विचारलं, हे वाकडं अक्षर कुणाचं. वैजू म्हणाली, बांधणाऱ्याचं. मार्क किती पडले ते मी विचारलं नाही.

त्यानंतर आबांच्या नऊ पाळ्या झाल्या. दर पाळीला ते बोटांनी बांध फोडायचे, दर पाळीला मी तेच खोटं बोलायचो. दहाव्या पाळीच्या आदल्या दिवशी ते गेले, थोरल्याच्या पाण्याला. पण हे मी इथे सुखाचं म्हणून लिहीत नाही. त्या नऊच्या नऊ दिवशी वैजूनं कॉलेज बुडवलं, आणि बाराला मी दारात उभा राहिलो की आबा आधी हात पुढे करायचे, आणि मग वैजू त्यांना पाण्याचं सांगायची. आधी हात, मग पाणी. ते शेवटपर्यंत बदललं नाही.

आता मी आबांच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ आलोय. वैजू म्हाताऱ्या माणसांमध्येच काम करते, वसईतच राहते, दुपारी येऊन मला गोळ्या देते. परवा मला सुमनच्या बहिणीचं नाव आठवेना. वैजूच्या ते लक्षात आलं. ती दारात दिसली की मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो. ती म्हणते, बाबा, पाणी प्यायला हात तर काढा. मी म्हणतो, तू पाज.